मागे वळा किंवा चालत राहा

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्या वर्षी आमच्या घरात एका जपानी गेमची वाट पाहणारी माणसं तीन होती. माझी नात, तिची दिघोरीची मैत्रीण आणि मी. दिघोरीची आमच्या घरी राहत नाही, पण फोनमधून तिचा आवाज दिवसभर आमच्याच घरात असतो, म्हणून तिलाही धरलं.

माझं शिक्षण चौथी. पुढचं झालं नाही त्याचं मला वाईट वाटत नाही. हे मी स्वतःच्या हातानं वहीत लिहितो आहे. नात म्हणाली, "आबाजी, तुमी सांगा, मी टाइप करून देतो, ऱ्हस्व-दीर्घ पाहून देतो." मी म्हटलं, हात लावायचा नाही. चुकलं तर माझं चुकलं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजेल. त्याच्या तीन पावसाळे आधी माझा मुलगा, म्हणजे तिचा बाप, बोडीखालच्या बांधीत साप चावून गेला. बांधी म्हणजे आमच्याकडे धानाचा तुकडा, आणि बोडी म्हणजे लहान तलाव. सून तेव्हापासून म्हणायची, "जवळ कोणी असतं तर." महिन्यातून एकदा तरी म्हणायची, कधी भाजी चिरताना, कधी काहीच करत नसताना. जवळ कोणी होतं. मी होतो. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

आता गेमचं.

माझ्या लेकीनं नागपूरहून तिच्या घरची जुनी मशीन पाठवली होती, टीव्हीला जोडायची. नात साकोलीच्या कॉलेजातून दुपारी आली की जेवायची आणि ती लावून बसायची. मी त्याच खोलीत खाटेवर पडलेला. पहिले काही दिवस मी भिंतीकडे तोंड करून झोपलो. वाटलं, गोळीबार असेल, गाड्या असतील. पण तिथून नुसती बासरी वाजायची, आणि मध्ये मध्ये कुणीतरी परक्या भाषेत हळू बोलायचं. आरडाओरड असती तर मला झोप लागली असती. हळू बोलण्यानं माणूस जागा राहतो.

एक दिवस मी कूस बदलली. टीव्हीत धानाच्या बांध्या होत्या. धुरे, म्हणजे बांध्यांमधले बांध, होते, पाणी होतं, पाण्यात आभाळ होतं, आणि टोपल्यासारख्या टोप्या घातलेली माणसं वाकून रोवणा, म्हणजे धानाची लावणी, करत होती.

"हे कुठलं वो?"

"जपान, आबाजी."

"ते लोक धान लावतात?"

"मंग! आपल्यासारखंच."

"हे का नाटक हाय?"

"नाटकच समजा. फक्त त्यातलं एक पात्र आपण चालवाचं. कुठी जाचं, कोनाशी बोलाचं, आपल्या हाती."

"अन् बोलणं लिहिलं कोणी?"

ती माझ्याकडे पाहतच राहिली. म्हणाली, "आबाजी, हा सवाल घरातल्या कोणीच नव्हता इचारला." त्या दिवसापासून पडद्यावरचं इंग्रजी ती मला आपल्या बोलीत वाचून दाखवू लागली.

मी बावीस वर्षं दंडारीत उभा राहिलो. दिवाळीनंतर गावोगावी दंडार व्हायची, आम्ही रात्रभर नाचायचो, गायचो, बोलायचो. पुढं पुढं माझी भाषणं मीच बांधायला लागलो, कारण दुसऱ्यानं लिहिलेलं माझ्या तोंडात बसत नसे. म्हणून लिहिणाऱ्याबद्दल बोलायचा अधिकार मला आहे असं मी मानतो, कुणी मानो न मानो.

तर त्या दोघी पोरींचं रोजचं भांडण लिहिणाऱ्यांवरूनच होतं. दोन गेम होते, दोन्ही जपानचे, दोन्हीचे बरेच भाग निघालेले. खरी नावं माझ्या जिभेवर बसत नाहीत. नातीच्या गेमला मी गावाचा गेम म्हणायचो आणि दिघोरीच्या गेमला राजवाड्याचा गेम. राजवाड्याच्या गेममध्ये तलवारी, शाप, आणि मेलेली माणसं तिसऱ्या भागात हसत परत येत. गावाच्या गेममध्ये काहीच मोठं होत नसे. पण गावात कुणी आजारी पडलं, कुणी गेलं, तर दुकानदारापासून नावाड्यापर्यंत सगळ्यांचं बोलणं दुसऱ्या दिवशी बदललेलं असे. ज्याच्याशी आपला काही संबंध नाही, तोही नवीन काही बोले.

"कायले बोलू दे पण?" दिघोरीची फोनमधून ओरडायची. "नावाड्याची बायको रुसली, मी का करू? मले जग वाचवाचं हाय बे!"

"तू वाचव जग. त्या जगात राहाले कोणी पाहिजे का नाई?"

"तुह्या गेमात तर लोकं मरून मरून राहिले. अन् मेले का मेलेच. हे का लिहिणं झालं?"

"आबाजी, सांगा हिले!"

मी सांगितलं. दंडारीत आमचा एक गडी राजा होऊन मरायचा आणि पुढच्या प्रवेशात तोच शिपाई होऊन यायचा, कारण माणसं कमी होती. लोक हसायचे. ज्याला मरणाचा दुसरा उपयोग माहीत नाही, तो मेलेल्याला परत आणतो. दिघोरीची म्हणाली, "आबाजी, तुमी तर तिचेच आबाजी हाव." मी म्हटलं, तुझा असतो तरी हेच बोललो असतो.

हे सगळं मजेत चाललं होतं. पण त्या गेममध्ये एक सोबती होता.

शेतकऱ्याचा पोरगा, कमी बोलणारा, नेहमी दोन पावलं मागून चालणारा. तो भेटतो तेव्हा गेम विचारतो, ह्याचं नाव काय ठेवायचं. नातीनं बापाचं ठेवलं होतं. कागदावरचं नाही. घरात आम्ही ज्या नावानं हाक मारायचो ते. मी ते इथं लिहिणार नाही.

पहिल्यांदा तिनं वाचलं, आणि ते नाव तिच्या तोंडून त्या खोलीत आलं, तेव्हा माझ्या मानेवर काहीतरी थंड ठेवल्यासारखं झालं. बाहेर टळटळीत दुपार. कोंबड्या सावलीला बसलेल्या. आत माझा मुलगा म्हणत होता, "पुढं चाला, मी येतो."

"हे नाव काहून ठेवलं?" मी विचारलं.

"मंग का ठेवू?" ती म्हणाली. एवढंच.

सुनेला इंग्रजी अक्षरं वाचता येतात. एकदा ती पाण्याचा गडवा ठेवायला आत आली, पडद्याकडे पाहिलं, आणि गडवा ठेवता ठेवता थांबली. त्यानंतर दुपारी ती त्या खोलीत आली नाही. पाणी उंबऱ्यावर ठेवायची.

मला मात्र सवय झाली, हे खरं सांगतो. सवयीपेक्षा जास्त झालं. मी दुपारची वाट पाहू लागलो. तो सोबती जेवताना काय म्हणाला, पुलावर काय म्हणाला, सगळं मला पाठ होतं. माझा मुलगा आणि मी शेवटचे अकरा दिवस बोललो नव्हतो, त्यामुळे त्याचं नवीन बोलणं ऐकायची मला भूक होती, मग ते जपानमधल्या कुठल्याही माणसानं लिहिलेलं का असेना.

भाग संपता संपता तो प्रवेश आला. धुकं, भरदुपारचं, धानाच्या बांध्यांवर. आपण धुऱ्यावरून पुढं चाललो आहोत. सोबती मागे. बासरी बंद झाली. नुसती पाण्यात पडणारी पावलं, आणि तीही मागची कमी होत गेलेली. मग हाक आली. जपानी आवाजात, आपलं नाव घेऊन, एकदा.

पडद्यावर दोन ओळी आल्या. नात म्हणाली, "इचारते, मागे वळा किंवा चालत राहा. का करू?"

"वळू नको," मी म्हणालो.

"काहून?"

"पहिल्या हाकेले वळत नाईत."

आमच्याकडे हे लहानपणापासून शिकवतात. शेतातून, पाण्याच्या बाजूनं हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसऱ्याही नाही. जे माणूस नाही, ते दोनदाच हाक मारतं. माणूस असेल तर तिसऱ्यांदा मारेल. तिनं चालत राहा दाबलं. पुन्हा हाक आली. पुन्हा त्या दोन ओळी.

"आबाजी?"

"चालत राहा."

तिनं दाबलं. तिसरी हाक आली नाही. धुकं निवळलं तेव्हा मागे धुऱ्यावर कुणी नव्हतं. पाणी हललेलं नव्हतं. पुढं घाटावर नावाडी भेटला, तो एकदम म्हणाला, अरे, तुम्ही तर दोघे निघाला होता ना?

नातीनं हातातला रिमोट खाली ठेवला. ती त्याला कंट्रोलर म्हणते. मी खाटेवर बसलो होतो, हात मांड्यांखाली दाबून. कारण हे मी आधी एकदा केलं होतं.

ते असं. मुलानं त्या वर्षी बोडीखालच्या बांधीत रोवणा केला नाही, आवत्या टाकला, म्हणजे नुसतं बी फेकलं. मी नाही म्हटलं होतं. त्यानं ऐकलं नाही. मी बोलणं बंद केलं. मी एकदा बोलणं बंद केलं की समोरच्यानं आधी यावं लागतं, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. अकराव्या दिवशी दुपारी मी धुऱ्यावरून घरी येत होतो. तो त्या बांधीत निंदत होता. आवत्याचं धान चांगलं आलं होतं, मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं होतं. मी पुढं गेलो आणि मागून हाक आली, "बाबा!" मला वाटलं, धान दाखवायला बोलावतो. माझी जिरवायला. थोड्या वेळानं पुन्हा, "बाबा!" मी गेलो निघून. घरी आलो, पाय धुतले, पाणी प्यालो. नंतर कुणीतरी त्याला मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये धरून आणलं. साकोलीच्या दवाखान्यात पोचायच्या आधीच गेला.

पहिल्या-दुसऱ्या हाकेची रीत मला त्या दुपारी आठवलीच नव्हती. ती मी नंतर आठवली, स्वतःसाठी. आणि तीन वर्षं मी तिच्याआड लपून बसलो होतो.

दिघोरीचीनं संध्याकाळी फोन केला. तिनंही तो भाग खेळून घेतला होता, फक्त त्याला नावं ठेवता यावीत म्हणून.

"मी तर पयल्याच हाकेले वळली," ती म्हणाली. "तरी मेला तो!"

"वळलीस तरी?" नात.

"हव! मागे वळलं का दिसते, पाण्यात उभा हाय, हात वर करते, अन् जाते. बस. मंग निवड कायले देली? हे तर फसवणं झालं. माह्या गेमात असं असतं तर वळलं का वाचला असता!"

"आबाजी तर वळू नको म्हणत होते."

"मंग काय झालं. मरतेच तो. आबाजीनं का मारलं त्याले?"

मी बाहेर ओट्यावर बसलो होतो. ती पोर हसत होती.

त्यांच्यासारखी हजारो पोरं तेव्हा हेच भांडत होती, असं नात सांगायची. जपानमध्ये, कुठे कुठे. वळलं असतं तर वाचला असता की नाही? लिहिणाऱ्यानं दोन्ही वाटा एकाच खड्ड्यात का नेल्या? काही म्हणायचे, लिहिणाऱ्याला दुसरी वाट लिहायचा कंटाळा आला. नात म्हणायची, "नाई. तो मरणारच होता. निवड त्याच्यासाठी नोती." मी त्या भांडणात एक शब्द बोललो नाही. लिहिणाऱ्यांवर मत न देण्याची ती माझी पहिलीच वेळ, आणि तिच्या ते लक्षात आलं होतं.

मग पुढच्या भागाची जाहिरात आली, दोन मिनिटांची. तिनं ती मला इतक्या वेळा दाखवली की डोळे मिटले तरी दिसायची. बांधी. गुडघाभर पाणी. एक माणूस पाठमोरा, हलत नाही. वारा आहे, धान हलतंय, त्याचा सदरा हलत नाही. आणि खाली अक्षरं: ह्या वेळी गेम तुमचा जुना खेळ वाचेल. तुम्ही धुऱ्यावर काय केलं होतं, ते त्याला माहीत असेल.

दिघोरीची म्हणाली, "पाहा, परत आणून राहिले! शेवटी माह्याच गेमच्या वाटेनं आले!"

नात म्हणाली, "तो परत नाई आला. तो तिथीच हाय."

मला तिचं बोलणं खरं वाटलं. त्या दिवसांत मी बोडीकडे जाणं सोडलं. लांबच्या वाटेनं जायचो. गाईगुरांना पाणी दाखवायलाही गड्याला पाठवायचो आणि गुडघे दुखतात म्हणायचो. माझे गुडघे ठणठणीत आहेत.

गेम यायला पंधरा दिवस उरले, तेव्हा ती म्हणाली, "आबाजी, मी तो प्रवेश पुन्हा खेळतो. वळतो. मंग नव्या गेमात तेच जाईन, का आपण वळलो होतो."

"खेळ."

"पर तुमी वळू नको काहून म्हटलं होतं?"

"सांगतलं न. पहिल्या हाकेले..."

"ते दिवेलागणीचं हाय, आबाजी. आई सांगते मले. तिथी तर दुपार होती."

मी उंबऱ्यावरचा गडवा उचलून पाणी प्यालो.

तिनं जुना खेळ लावला. त्याच बांध्या, तेच धुकं. बासरी बंद झाली. पावलं कमी होत गेली. हाक आली. पडद्यावर दोन ओळी आल्या, आणि तिनं तो कंट्रोलर माझ्या हातात दिला. "ह्या वेळी तुमी दाबा. वरचं बटन मागे वळाचं."

हातात ते गरम होतं, तिच्या हाताचं. वरचं बटण अंगठ्याखाली होतं. पडद्यातलं आपलं पात्र पाठ करून उभं, माझी वाट पाहत. गेम थांबतो अशा वेळी, कितीही वेळ थांबतो. फक्त धुकं सरकत होतं. मी दाबू शकलो असतो. एक बोट हलवायचं होतं. पण मला समजलं की हे दाबलं तर खरं ते कायमचं दाबलं जाईल. मग मी म्हणत राहीन की मी वळलो होतो.

मी कंट्रोलर खाटेवर ठेवला आणि तिला सांगितलं. सगळं. अकरा दिवस, आवत्या, दोन हाका, पाय धुतले ते.

तिनं एकच विचारलं, "किती दूर होते तुमी?"

"बोडीच्या पाळीपाशी."

तिनं मशीन बंद केली. आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. आमच्या घरात हा हट्ट माझ्याकडूनच आला आहे, त्यामुळे मी तक्रार करू शकत नव्हतो. दिघोरीचीचा फोन आला तर ती बाहेर जाऊन बोलायची. टीव्ही काळा. त्या काळ्या काचेत दुपारी खाट दिसायची, खाटेवर मी दिसायचो, आणि मागच्या दारातून कुणी गेलं तर तेही दिसायचं. एकदा कुणी गेलं. मी वळून पाहिलं नाही, मग स्वतःची लाज वाटली म्हणून पाहिलं. दार उघडं होतं, अंगणात ऊन होतं.

नवव्या दिवशी जेवण झाल्यावर ती म्हणाली, "चाला."

"कुठं?"

"बांधीत."

ती वेळ तीच होती, महिनाही तोच. धान कमरेला आलेलं, वारा नाही. बोडीचं पाणी काचेसारखं. ती बांधीत उतरली, जिथं तो होता तिथं, आणि मला म्हणाली, "तुमी चाला. जसे गेले होते तसे. मी हाक मारीन. आयकू आली का, तेवढं सांगजा. खरं."

मला समजलं ती काय करते आहे. दूर असेल, आवाज पोचत नसेल, मग आबाजीला भास झाला असेल, असं तिला हवं होतं. ती मला एक दार उघडून देत होती. लहान पोर, पण बापासारखीच, पुढून न बोलता बाजूनं मदत करणारी.

मी चाललो. पाळीपाशी, म्हणजे बोडीच्या उंच बांधापाशी, आलो. धुऱ्यावर माझ्या चपलांचा आवाज, दुसरं काही नाही. पक्षीसुद्धा नाही. आणि मागून हाक आली, "बाबा!"

आबाजी नाही. बाबा.

आवाज तिचा होता, पण तिचा नव्हताही. थोड्या वेळानं पुन्हा आली, "बाबा!" पहिलीपेक्षा खालच्या सुरात, पाण्यावरून घसरत आल्यासारखी. मी वळलो. ती बांधीत उभी होती, हात खाली, तोंड मिटलेलं. मी तिच्याकडे परत चालत गेलो. ती वाट मला खूप लांब वाटली, पण ती लांब नाही.

"आली?" तिनं विचारलं.

नाही म्हटलं असतं तर तिनं मानलं असतं. तिला मानायचंच होतं.

"आली," मी म्हणालो. "दोन्ही साफ आल्या."

ती माझ्याकडे पाहत राहिली. "मी एकच मारली, आबाजी."

आम्ही दोघांनी बोडीकडे पाहिलं. पाळीला आवाज आदळून परत येत असेल. उंच पाळ आहे, समोर पाणी आहे, येऊ शकतो. तिनं पुन्हा एकदा ओरडून पाहिलं, मुद्दाम, माझं तोंड पाहत. ह्या वेळी एकदाच ऐकू आलं. मग आम्ही घरी निघालो. ती पुढं, मी मागे.

वाटेत मी विचार करत होतो की त्यानंही कदाचित एकदाच हाक मारली असेल. साप चावलेला माणूस किती वेळा ओरडणार. मग मी जी दुसरी ऐकली ती कुठून आली, आणि तिसरी येण्याची वाट पाहण्यात काय अर्थ होता. पण ह्यानं माझं ओझं कमी होत नव्हतं. एक हाक मला आली होती, तेवढी पुरे होती.

घराजवळ आल्यावर नात म्हणाली, "आईले तुमीच सांगजा."

सून परसात तांदूळ पाखडत होती. मी समोर उकिडवा बसलो, सुनेसमोर असा मी कधी बसत नाही. तिला सांगितलं. सूप चालू होतं. माझं सांगून संपलं, तरी ती आणखी दोनदा पाखडून मगच थांबली.

"मले माहीत होतं, मामाजी," ती म्हणाली. "त्या दिवशी तुमी पाय धुतले, पर न्हाणीत जो चिखल पडला होता तो बोडीखालचा होता. लाल. आपल्या बाकी बांध्यांत तसा चिखल नाई."

मी तिच्याकडे पाहू शकलो नाही.

"मी वाट पाहत होती," ती म्हणाली. "तुमी कवा सांगता याची." मग सूप पुन्हा चालू झालं. तिनं मला माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मीही विचारलं नाही. "जवळ कोणी असतं तर" हे मात्र तिच्या तोंडून पुन्हा आलं नाही. तीन वर्षं ते ती दुःखानं बोलत असेल असं मला वाटत होतं. ते माझ्यासाठी होतं.

गेम आला. आमच्याकडचं नेट असं, की घरात उतरायलाच दोन दिवस लागले. दिघोरीची तोवर पुढं गेली होती आणि फोनवर ओरडत होती, "सांगू का? सांगू का का झालं ते?" नात म्हणाली, "तोंड उघडलं तर तुह्या घरी येऊन मारीन."

दुपारी आम्ही बसलो. नात खाली, मी खाटेवर. थोड्या वेळानं सून आत आली, हात पदराला पुसत, आणि दाराला टेकून उभी राहिली. बस म्हटलं तर बसली नाही. पण गेली नाही.

नातीकडं दोन जुने खेळ होते. एकात आम्ही वळलो नव्हतो. दुसरा अर्धा होता, धुऱ्यावर थांबलेला, मी बटण न दाबलेला. तो पूर्ण करायला पाच मिनिटं लागली असती. तिनं विचारलं, "कोणता देऊ?"

"जे केलं ते दे," मी म्हणालो.

ती सुनेकडे वळली. सुनेनं हो म्हणून मान हलवली.

पडदा बराच वेळ काळा राहिला. मग पाणी दिसलं, धान दिसलं, आणि तो पाठमोरा उभा. खाली अक्षरं आली. नात वाचू लागली आणि वाचता वाचता तिचा आवाज बसला, म्हणून सुनेनं पुढं वाचलं. इंग्रजी वाचायची तिला सवय नाही. एकेक शब्द लावत, अडखळत वाचलं तिनं.

"इचारते, मामाजी. तुमाले हाक आयकू आली होती, तरी तुमी चालत गेले. हे खरं हाय का? हव, का नाई?"

सून माझ्याकडे पाहत होती. नात पडद्याकडे.

"हव दाब," मी म्हणालो.